वस्तू एकदा उलटी करून दाखवा

महाराष्ट्रातील लहानमोठ्या वस्तुसंग्रहालयांचे अभिरक्षक, संचालक आणि विश्वस्त यांस,



पत्रास कारण एक पानाचा डबा.

माझ्या आजीचा हा डबा १९८१ साली वडिलांनी एका जिल्ह्याच्या गावच्या संग्रहालयाला दिला. संग्रहालयाचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या एकट्याची नाही. डब्याबरोबर वडिलांनी फुलस्केपचे एक पानही दिले होते, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. गेल्या दिवाळीच्या सुटीत भाचीला पणजीचा डबा दाखवावा म्हणून तिथे गेले. डबा होता. काचेच्या कपाटात, दोन अडकित्ते आणि एक पिकदाणी यांच्यामध्ये अंग चोरून बसलेला. पुढे चिठ्ठी : ‘पानाचा डबा. पितळ. १९ वे शतक.’

आजीचे लग्न १९३४ चे आणि डबा त्याच लग्नातला. आजी स्वतःच विसाव्या शतकात जन्मली. तिचा डबा तिच्याआधी कसा जन्मला, हे कोडे मला बसस्टँडवर परत येईपर्यंत सुटेना. मग आठवले. डब्याच्या तळावर तांबटाने आजीचे नाव घातले आहे आणि त्याखाली साल : शके १८५६. रोजच्या घासण्याने ‘शके’ पुसट झाले, आकडा तेवढा राहिला. कोणीतरी तो इसवी सन समजून वाचला आणि आमचा डबा एका रात्रीत ७८ वर्षांनी म्हातारा झाला.

त्या कोणाचा मला राग नाही. त्यांनी निदान डबा उलटा करून पाहिला. पण त्याच तळावर आणखी दोन आकडे आहेत, खिळ्याने ओरखडलेले. ते सावकाराचे. डबा दोनदा गहाण पडला होता, एकदा काकाच्या टायफॉइडच्या वेळी आणि एकदा आत्याच्या मॅट्रिकच्या फीसाठी. झाकणावर एक पोचा आहे. आजोबांनी दुसऱ्यांदा नोकरी सोडल्याचे घरी येऊन सांगितले त्या संध्याकाळचा तो. डबा भिंतीला लागला, आजोबा थोडक्यात वाचले. हे सारे त्या फुलस्केपवर होते. पोच्याची हकिकत वडिलांनी जरा सौम्य करून लिहिली होती, एवढेच.

भाचीने विचारले, “मग हे इथे का नाही लिहिलं?” मी काहीतरी उत्तर दिले. ते मलाच पटले नाही, म्हणून तोच प्रश्न आता आपल्याकडे पाठवत आहे.

आपल्या अडचणी मला दिसतात. पदे भरली जात नाहीत, पावसाळ्यात दालनातल्या बादल्या बदलाव्या लागतात, आणि मंत्री येणार असले की दोन दिवस सगळे काम पडदे धुण्याचे होते. ज्यांनी वस्तू वाळवीपासून, दमट हवेपासून आणि आमच्यासारख्यांच्या बोटांपासून जपल्या, त्यांच्याविषयी मनात आदरच आहे. पण जपणे आणि सांगणे ही दोन कामे आहेत. पहिले आपण केलेत. दुसऱ्याबद्दल काही विनंत्या आहेत.

पहिली विनंती : वस्तू काय आहे याबरोबर ती इथे कशी आली, तेही लिहा.

प्रत्येक वस्तूला दोन चरित्रे असतात. एक घडणीचे, दुसरे प्रवासाचे. चिठ्ठीवर पहिले दोन शब्दांत येते आणि दुसरे येतच नाही. वास्तविक इतिहास बहुतेक वेळा दुसऱ्यातच भरलेला असतो. मुंबईच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे. नुसते शिल्प म्हणून पाहिले तर एक बाई सिंहासनावर बसली आहे. प्रवास विचारा, मग तो दगड बोलायला लागतो. पैसे बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचे, घडवणारा इंग्रज शिल्पकार मॅथ्यू नोबल, स्थापना १८७२ ची, मुंबईतल्या हमरस्त्यावर. १८९६ मध्ये एका रात्री त्याला कोणी डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. ते आपणच केले, असे दामोदर चाफेकरांनी पुढे रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या खुनानंतर दिलेल्या कबुलीत सांगितले. ते डाग काढण्याचे काम रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी केले. आणि १९६५ मध्ये रस्त्यावरचे असे पुतळे हलवण्यात आले, तेव्हा राणी बागेत आली. संस्थानिकाची राजनिष्ठा, तरुणांचा संताप, देशी रसायनशास्त्र आणि स्वतंत्र देशाने काढलेला तोडगा, एवढा ऐवज एका दगडात आहे. ‘संगमरवर, १८७२’ एवढ्या शब्दांत तो मावणार कसा?

त्याच आवारात दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले, तोच हा. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते तुकडे जोडले गेले. त्या हत्तीच्या अंगावरचे सांधे हेच त्याचे सर्वांत महत्त्वाचे लेखन आहे. इमारतींचेही तसेच. ज्याला आज आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, त्या वास्तूचे बांधकाम १९१४ मध्ये पुरे झाले, पण ती लोकांसाठी उघडली १० जानेवारी १९२२ रोजी. मधल्या काळात महायुद्धातल्या जखमींसाठी तिथे लष्करी रुग्णालय होते. आज जिथे देवदेवता उभ्या आहेत तिथे एकेकाळी खाटा होत्या, हे कळले की त्या घुमटाखाली उभे राहण्याची तऱ्हाच बदलते.

दुसरी विनंती : हातांची नोंद ठेवा.

चिठ्ठीवर राजाचे नाव असते, काळाचे असते, क्वचित देणगीदाराचे असते. ज्याने घडवले आणि ज्याला ते सापडले, त्यांचे काय? दायमाबादचे चार भरीव धातूचे, खेळणी म्हणावीत असे, पण सगळे मिळून साठ किलोंहून अधिक वजनाचे प्राणी आणि रथ आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात पाहिले आहेत : हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैल जुंपलेला रथ. १९७४ मध्ये ते सापडले ते कोणा पंडिताच्या कुदळीला नव्हे. भिल्ल समाजातल्या एका गावकऱ्याला झाडाचे मूळ खणताना ते लागले. हे वाक्य गावातल्या मुलांनी वाचले तर त्यांना केवढा अर्थ मिळेल! इतिहास आपल्या बांधावरही सापडू शकतो, आणि सापडला की तो लपवायचा किंवा वितळवायचा नसतो, हे शिकवायला आणखी कुठले पोस्टर लागणार नाही.

आणि घडवणारे हात. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, मुंबईतल्या जातींच्या, पेशांच्या, पोशाखांच्या. माझ्या भाचीला त्या भातुकलीसारख्या वाटल्या. मला मात्र प्रश्न पडला, हे कोणी कोणाला दाखवण्यासाठी बनवले? ते संग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने उघडले. या देशातले लोक आणि त्यांचे धंदे मांडून ठेवावेत, त्यांची वर्गवारी करावी, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची नजर होती. पण माती मळणारे हात इथलेच होते. साहेबाच्या यादीत बसवण्यासाठी आपल्याच शेजाऱ्याची बाहुली करताना त्या कारागिराला काय वाटले असेल? उत्तर मिळणार नाही. तरी प्रश्न तिथे लिहिलेला असला तर बघणारा दोन मिनिटे जास्त थांबेल.

तिसरी विनंती : शंका लपवू नका.

ही विनंती करताना मी जरा जपून बोलते, कारण विषय नाजूक आहे. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि साताऱ्यात मांडली गेली. लोकांनी रांगा लावल्या. मीही त्या रांगेत होते आणि काचेपुढे आल्यावर हात आपोआप जोडले गेले. ही नखे जेम्स ग्रँट डफ या साताऱ्याच्या ब्रिटिश रेसिडेंटाकडून त्याच्या वंशजांकडे आणि तिथून संग्रहालयात गेली. त्यांच्या पेटीवरचा मजकूर ती शिवाजी महाराजांचीच असल्याचे सांगतो. मात्र अफजलखानाच्या भेटीत वापरलेली ती हीच का, याची खात्री करता आलेली नाही, असे ते संग्रहालय स्वतःच म्हणते.

या वाक्याने काही जण दुखावले. मला वाटते, ते वाक्य आपल्या परंपरेला धरूनच आहे. ज्या प्रांतात वि. का. राजवाडे अस्सल कागदासाठी गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरले आणि ज्या पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तिथे पुरावा मागणे हा महाराजांचा अवमान कसा होईल? महाराजांचे मोठेपण चार पोलादी नखांवर टेकलेले नाही. चिठ्ठीवर तीन ओळी असाव्यात : आम्हाला नक्की ठाऊक आहे ते हे, परंपरा सांगते ते हे, अजून सिद्ध व्हायचे आहे ते हे. बघणारा मूर्ख नसतो. त्याला हा फरक दाखवला तर त्याची श्रद्धा कमी होत नाही, समज वाढते. माझ्या आजीच्या डब्यापुढे ‘१९ वे शतक’ याऐवजी ‘तळावर १८५६, शके की इसवी सन ते तपासायचे आहे’ असे असते, तर मी पत्र लिहिले नसते. पोस्टकार्डावर भागले असते.

२०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांची तलवार विकत आणली. पुष्कळ भाषणे झाली, मिरवणूक झाली. पण त्या तलवारीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की तिचे पाते युरोपीय बनावटीचे आहे आणि त्यावर नाव देवनागरीत. म्हणून तर आपल्याकडे अशा तलवारीला फिरंग म्हणत. ज्यांच्याशी लढायचे त्यांच्याकडचे चांगले पोलाद घ्यायचे आणि मूठ आपल्या हाताला बसेल अशी करायची, हा अठराव्या शतकाचा सगळा व्यवहार त्या एका हत्यारात आहे. परत आणलेल्या वस्तूचे स्वागत जरूर करावे. पण मिरवणूक संपल्यावर तिला बोलू द्यावे.

चौथी विनंती : कोठारातल्या वस्तूंना बाहेरची हवा लागू द्या, आणि त्यांना एकमेकींशी बोलू द्या.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि मांडलेला त्यातला थोडाच हिस्सा. जागा नाही, हे खरेच. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणाऱ्या काकासाहेब केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा संसार उभा केला. दिवे, अडकित्ते, वज्री, कुलुपे, स्वयंपाकघरातली भांडी. इतिहास म्हणजे लढाया, असे सगळे म्हणत असताना या माणसाने टाचा घासायची वज्री जपून ठेवली, हीच एक मोठी इतिहासदृष्टी होती. अशा संग्रहातल्या दहाच वस्तू दर तीन महिन्यांनी एका टेबलावर मांडा आणि त्यांना एक प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, गहाण पडलेल्या वस्तू. किंवा बायकांच्या हातात रोज असलेल्या वस्तू. किंवा दुरुस्त करून करून वापरलेल्या वस्तू. त्याला आंतरराष्ट्रीय करार लागत नाही. एक टेबल, दहा चिठ्ठ्या आणि विचार करायला एक माणूस पुरेसा आहे.

मोठे करायचे असेल तर तेही आपल्याकडे घडलेले आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात मुंबईत ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन झाले, नऊ कथांमध्ये बांधलेले, सुमारे दोनशे वस्तूंचे. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि आपले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांनी मिळून ते उभे केले होते. एकाच काळातली इथली वस्तू आणि तिथली वस्तू शेजारी ठेवल्या की लांबलचक व्याख्यानाची गरज उरत नाही, हे तिथे पाहिले.

तशा जोड्या लावायला लंडनच हवे असेही नाही. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती आहे, ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली. पंचगंगेच्या काठी भूमध्य समुद्राचा देव! धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावात रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच गृहस्थाने आयुष्यभर गोळा केलेला संग्रह आहे. तेर म्हणजे जुने तगर, पेरिप्लस या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात नाव असलेले. तेरला हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिची जणू बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईला सापडली, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या शहरात. एक मूर्ती तिकडून इकडे, दुसरी इकडून तिकडे. पोसायडन आणि तेरची ही बाई एका दालनात शेजारी उभे राहिले, मागे एक नकाशा टांगला, की मराठवाड्यातल्या मुलाला आपला जिल्हा मागास आहे हे ऐकण्याआधी तो जगाच्या व्यापारी रस्त्यावर होता हे कळेल.

चित्रांचेही असेच करता येईल. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत. बाळासाहेब पंतप्रतिनिधी या चित्रकार राजाने हे संग्रहालय १९३८ मध्ये डोंगरउतारावर उभे केले. रविवर्म्याने मुंबईत १८९४ मध्ये छापखाना घातला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या देवघरांत जाऊन बसल्या. मूळ चित्राशेजारी धुराने काळवंडलेली, कुंकू लागलेली एक छापील प्रत लावून पाहा. राजवाड्यातली कला चाळीतल्या खोलीत कशी पोचली, हा इतिहास कुठल्याही परिच्छेदापेक्षा ते कुंकू चांगला सांगेल.

पाचवी विनंती छोटी : मराठी मराठीसारखी लिहा. ‘सदर शिल्पाकृती ही अलंकरणयुक्त असून प्रभावळीने मंडित आहे’ हे वाक्य वाचून आजवर कोणीही शिल्पाकडे वळून पाहिलेले नाही. आणि चिठ्ठी आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. आमच्या भाचीला ‘पितळ’ वाचायला टाचा उंचवाव्या लागल्या.

इतके आपल्याला सुनावल्यावर आमच्याकडेही बोट दाखवायला हवे. आम्ही घरे रिकामी करताना पितळ भंगारात किलोवर घालतो आणि उरलेले ‘म्युझियमला देऊन टाका’ म्हणतो, जणू ते अडगळीचे सरकारी नाव आहे. देताना कोणाचे, कधीचे, कशासाठी, हे चार ओळी लिहून देत नाही. मग पन्नास वर्षांनी चिठ्ठी चुकली म्हणून ओरडतो. शाळेची सहल आणतो ती तासाभरात तीन दालने आणि एक डबा खाणे अशा हिशोबाने. आणि चिठ्ठीवरचे एखादे वाक्य आवडले नाही तर वाचण्याआधी निवेदन घेऊन येतो. आपण चिठ्ठ्या इतक्या जपून, इतक्या कोरड्या का लिहिता, याचे अर्धे कारण आम्ही आहोत. म्हणून हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक देणगीदाराला माझी विनंती आहे, वस्तूबरोबर तिची हकिकत द्या, आणि पोचपावतीवर ती हकिकत नोंदली गेल्याची सही घ्या.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक अजब बंगला म्हणतात. फार गोड नाव आहे. पण अजब वाटून तोंडाचा आ होतो, आणि तो मिटल्यावर माणूस पुढच्या कपाटाकडे जातो. तिथे त्याला थांबवणारी गोष्ट निराळी असते. ‘अरे, हे तर आपल्याकडेही होते’ किंवा ‘हे असे कसे झाले?’ यातले एक वाक्य त्याच्या तोंडून निघाले पाहिजे. ते निघावे यासाठी वस्तूची सुंदर बाजू पुरत नाही. झीज, सांधा, पोचा, खिळ्याचा ओरखडा, पुसट झालेले ‘शके’, हे सगळे बहुधा मागे किंवा खाली असते, आणि आपण वस्तू नेहमी दर्शनी बाजू पुढे करून मांडता.

शेवटी त्या एका संग्रहालयापुरते. त्या दिवशी कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. पहारा करणाऱ्या दादांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, डबा उलटा ठेवला तर लोक म्हणतील पडलाय. खाली आरसा लावला तर?”

एवढ्या मोठ्या पत्रात मला जे सांगता आले नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. वीतभर लांबीरुंदीचा आरसा मी आणून ठेवला आहे. वडिलांच्या फुलस्केपची कार्बन प्रतही घरच्या कपाटात सापडली, तीही जोडते. फक्त आरसा बसवायला कोणाच्या नावे अर्ज करायचा, तेवढे कळवावे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
एक तिकीट काढून येणारी प्रेक्षक
(आणि पानाच्या डब्याच्या मालकिणीची नात)